हलकं पण पोटभरीचं: नदीचा मासा, कच्च्या भाज्या आणि आपला घोळाणा

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की दिवसभर जेवण नकोसं होतं आणि रात्री आठ वाजले की घरात सगळ्यांना एकदम सपाटून भूक लागते. तेव्हा वरण-बट्टी किंवा शेवभाजी खाल्ली तर रात्रभर गच्चीवर पाणी पीत बसायचं. नुसती काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खाल्ली तर अकराला कुणीतरी डबे धुंडाळतंच. त्यात आईला शुगर. डॉक्टरांनी भाकरी कमी करायला सांगितली, पण उपाशी ठेवू नका असंही बजावलं.

आमच्या घरी मासा म्हणजे काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, वर बोटभर तर्री, सोबत कळण्याची भाकरी. तो रस्सा मला जीव की प्राण आहे. पण उन्हाळ्यात तो पचत नाही हेही खरं. म्हणून गेल्या वर्षीपासून मी मासा आणि कच्च्या भाज्या एकत्र आणायचा प्रयत्न करतेय. सुरुवातीला मोबाइलवर बघून लेट्यूस, ऑलिव्ह ऑइल असलं महागडं सामान आणलं. पानं दोन दिवसांत सडली आणि चवही आपली वाटली नाही. मग एकदा आई म्हणाली, "अगं, घोळाणा कर की. त्यातच मासा टाक." तिथून गाडी रुळावर आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोळाणा म्हणजे कच्ची पालेभाजी बारीक चिरून, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ-तिखट आणि कच्चं तेल घालून हाताने हलकेच घोळवायची. विस्तव लागत नाही. आपलं सॅलड हेच, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

सध्या मी चार माणसांसाठी असं करते:

किलोभराचा रोहू आणते, साफ करून साधारण सहा-साडेसहाशे ग्रॅम हाती लागतो. तुकड्यांना मीठ, हळद, ठेचलेला लसूण आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटं ठेवते. केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करते, त्यात तुकडे गुंडाळून मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवते. पान उघडलं की हिरवट, गवतासारखा वास येतो आणि मासा पांढराशुभ्र होऊन थरांनी सुटायला लागलेला असतो. पूर्ण गार झाला की काटे काढते.

दुसरीकडे मेथीची कोवळी पानं (देठ अजिबात नको), कांद्याची पात, मुळा, काकडी, टोमॅटो. वाटीभर मोड आलेली मटकी, पाच मिनिटं वाफवलेली. दोन चमचे जाडसर कूट, एक मोठा चमचा घाण्याचं शेंगदाणा तेल, एका मोठ्या लिंबाचा रस, हिरव्या मिरचीचा ठेचा चवीपुरता. आधी भाज्या घोळवायच्या, मासा शेवटी वरून. मासा घालून कालवलं की त्याचा भुगा होतो, हे मी दोनदा करून शिकले.

पोट भरतं. आई एका भाकरीवर थांबते आणि रात्री उठत नाही. पण माझ्या तीन अडचणी आहेत. काटे काढूनही एखादा राहतोच, आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. कधीकधी माशाला चिखलाचा वास येतो, तो रश्शात लपतो पण इथे लपत नाही. आणि हे डब्यात देता येईल का? जाणकारांनी सांगा.


कोकणमाहेर (धुळे)

तापीकाठ ताई, किती दिवसांनी माशावर कुणी असं प्रेमाने लिहिलं! माझं माहेर मालवणकडचं. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी नदीच्या माशाला हातच लावला नाही. सासूबाईंनी एकदा मरळ करून घातली आणि माझा हट्ट मोडला.

काट्यांचं सांगते. रोहू, कटला, मृगळ या तिघांत बरगडीच्या काट्यांशिवाय मांसात अडकलेले बारीक, दोन फाट्यांचे काटे असतात. पाठीकडच्या भागात आणि शेपटीकडे ते सगळ्यात जास्त. पोटाकडच्या तुकड्यात मात्र मोठ्या बरगड्याच असतात, त्या वाफवल्यावर बोटाने ओढल्या की अख्ख्या निघतात. म्हणून असल्या थंड पदार्थाला फक्त पोटाकडचे तुकडे वापरायचे आणि पाठ-शेपटी-डोकं रश्शाला ठेवायचं. कापून देणाऱ्याला आधीच सांगा की पोट वेगळं करून द्या. आणि मासा जितका मोठा, तितके काटे मोठे, म्हणजे हाताला लागणारे. किलोच्या ऐवजी दोन किलोच्या माशाचा अर्धा घ्या.

मुलासाठी मरळ सगळ्यात उत्तम. तिच्यात ते बारीक काटे जवळजवळ नसतातच, मधला कणा काढला की झालं. महाग पडते, पण अर्धा किलोत काम होतं.

अजून एक. पांढऱ्या थाळीत काटा दिसत नाही. मी मासा काळ्या तव्यावर पसरून, दिव्याखाली, तर्जनी आणि अंगठ्यात एकेक थर दाबत जाते. डोळ्यापेक्षा बोटाला काटा आधी कळतो. घाई असेल त्या दिवशी हा पदार्थ करूच नये.

आणि मासा घातलेली कोशिंबीर आमच्या कोकणपट्टीला नवीन नाही बरं का. सुक्या जवळ्याची (म्हणजे बारीक कोळंबीची) किसमूर करतात: जवळा कोरडा भाजायचा, त्यात ओलं खोबरं, कच्चा कांदा, मिरची, थोडं आंबट. इथल्या आठवडे बाजारात सुकट, म्हणजे हाच सुका जवळा, मिळतेच. ज्यांच्या गावात ताजा मासा रोज येत नाही त्यांनी सुकट निवडून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून घोळाण्यावर मूठभर टाकून बघा. मीठ मात्र हात राखून घाला, सुकट आधीच खारट असते.


गिरणाकाठचा (भडगाव)

ताई, भलतं भारी लिखेल शे! वाचता वाचता तोंडाला पाणी सुटलं.

चिखलाच्या वासाबद्दल मी सांगू शकतो, कारण मी चार वर्षं शेततळ्यात मासे केले आणि या वासापायी एक अख्खी खेप परत आली होती. तो चिखल नसतो. साचलेल्या, गरम पाण्यात जे हिरवट-निळं शेवाळ वाढतं ते आणि तळाच्या गाळातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो ना, त्यातही हेच द्रव्य असतं. पावसात आपल्याला ते आवडतं, ताटात आवडत नाही. माशाच्या कातडीत, चरबीत आणि कडेच्या लालसर-काळपट मांसात ते साठतं. म्हणून उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आटलं की वास वाढतो, आणि वाहत्या पाण्यातल्या माशाला तो सहसा येत नाही. पाळलेला मासा विक्रीआधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला तर वास उतरतो. आम्ही पुढे तेच करायला लागलो.

घरी काय करायचं: पोटाच्या आतली काळी पातळ झिल्ली खरवडून काढा, ती बरेच जण तशीच ठेवतात. वाफवल्यावर कातडी आणि कडेची काळपट पट्टी सोडवून बाजूला करा. आणि आंबट लावा, कारण आंबटात हे द्रव्य मोडतं. लिंबू चालतं, चिंचेचं पाणी चालतं. आमची माय जाड ताकात मीठ घालून मासा वीस मिनिटं भिजवायची आणि मग स्वच्छ धुवायची. ती शाळेत गेली नव्हती, पण तिचा मासा कधी वास मारला नाही.


सुगरण_अमळनेर

गिरणाकाठचा दादा, ताकात मासा? आमच्याकडे मासा आणि दूध-दही एका दिवशीसुद्धा खात नाहीत. अंगावर पांढरे डाग उठतात म्हणतात. माझी आजी तर मासे केले त्या दिवशी चहासुद्धा काळा द्यायची.


गिरणाकाठचा (भडगाव)

ताई, तुमच्या आजीचा मान ठेवून बोलतो. आयुर्वेदात दूध आणि मासा हा विरुद्ध आहार सांगितलाय, त्यामुळे ही समजूत घरोघरी आहे आणि ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. पण पांढरे डाग, म्हणजे कोड, हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगपेशी मारल्यामुळे होतो, मासा-दुधाने नव्हे. कोड असलेल्या माणसाला लोक "काय खाल्लंस?" म्हणून विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. माझ्या सख्ख्या बहिणीला आहे, आणि तिने जन्मात मासा खाल्लेला नाही.

ताक नको असेल तर चिंच घ्या. काम तेच होतं.


सुगरण_अमळनेर

दादा, हे मला माहीत नव्हतं. बहिणीबद्दल वाचून मन भरून आलं. मी आता कुणाला असं सांगणार नाही. घरी आजीच्या आठवणीसाठी चिंचच वापरेन.


उकाईचं_पाणी (नवापूर)

आमचं घर मासेमारीवर चालतं. उकाई धरण १९७२ मध्ये झालं, त्याच्या फुगवट्याचं पाणी आमच्या जिल्ह्याच्या कडेपर्यंत आलं. शेती पाण्यात गेली ते लोक जाळं टाकायला शिकले, त्यात माझे आजोबा. म्हणून थोडं लांब लिहितो, समजून घ्या.

पहिली गोष्ट, असल्या पदार्थाला मासा शिळा असून चालत नाही. रश्शाला थोडा उतरलेला मासा लोक खपवून घेतात, इथे तो लगेच बोलतो. कल्ला उचलून बघा, लालभडक आणि ओला पाहिजे, तपकिरी-चिकट नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, आत गेलेला नको. पोट बोटाने दाबलं तर खड्डा राहायला नको. खवले अंगाला घट्ट. आणि बर्फ बघा. विकणाऱ्याच्या पाटीत बर्फ नसेल आणि दुपारचे बारा वाजले असतील तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आम्ही पहाटे जाळं उचलतो, आठच्या आत बर्फात टाकतो. मधले चार तास चुकले की सगळी मेहनत वाया.

दुसरं, पावसाळ्याच्या सुरुवातीला रोहू-कटला-मृगळ अंडी घालायला वरच्या पाण्याकडे चढतात. त्या दिवसांत पोट फुगलेल्या माद्या बाजारात येतात, लोक गाबोळीसाठी हौसेने घेतात. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. ते दोन महिने मासा सोडा अशी माझी हात जोडून विनंती. तेव्हा सुकट खा, वर ताईंनी सांगितलीच आहे.

तिसरं, वाफवण्याऐवजी भाजून बघा. आमच्या घरी मीठ, मिरची आणि लसूण वाटून माशाच्या पोटात भरतात, पळसाच्या पानांत बांधतात आणि चुलीच्या निखाऱ्यावर ठेवतात. वरचं पान काळं झालं की उलटायचा. आतलं पान ओलंच राहतं आणि मासा स्वतःच्या पाण्यात शिजतो. चिलापी (तिलापिया मासा) असा फार छान लागतो, काटेही मोठे आणि मोजके. तो कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीत फोडून घातला की आम्ही नागलीच्या भाकरीबरोबर खातो. याला आमच्याकडे वेगळं नाव नाही. भूक लागली की करतात.


पहिलाच_प्रतिसाद (पुणे, मूळ चोपडा)

खूप छान धागा. एक प्रश्न विचारतो. इथे जपानी हॉटेलात कच्चा मासा भातावर, भाज्यांवर घालून देतात. तसा आपला रोहू लिंबात मुरवून कच्चा खाता येईल का? व्हिडिओत दाखवतात की लिंबाने मासा "शिजतो".


परिचारिका_ताई (जळगाव)

दादा, कृपा करून तसं करू नका. हे मी जोर देऊन लिहितेय.

लिंबाने माशाचं मांस पांढरं आणि घट्ट होतं, कारण आम्लाने प्रथिनांची घडी उलगडते. दिसायला शिजल्यासारखं दिसतं, पण त्यातले जंतू आणि कृमी मरत नाहीत. गोड्या पाण्याच्या माशात यकृताला धरणारे चपटे कृमी आणि लांब पट्टकृमी असू शकतात. जपानी पद्धतीचा कच्चा मासा बहुतेक समुद्राचा असतो, आणि तोही कृमी मरावेत म्हणून उणे २० अंशांना सात दिवस गोठवण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही.

मासा आतून ६३ अंशांपर्यंत तापला पाहिजे. घरात तापमापक नसतो, म्हणून खूण लक्षात ठेवा: सगळ्यात जाड भागात सुरीचं टोक घालून बघा, मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसत असेल तर कच्चं आहे. पांढरं झालं आणि थर सहज सुटले की झालं. मोड आलेली मटकीसुद्धा उन्हाळ्यात कच्ची नको, ताई वाफवतात ते बरोबर आहे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते.

आणि काट्याबद्दल. घशात काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावतात. असं करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून, गुळण्या करून निघाला नाही तर सरळ कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. श्वास अडकत असेल, रक्त येत असेल, लाळ गिळता येत नसेल तर एक मिनिटही थांबू नका.


केळीबाग (रावेर)

मी शेतकरी माणूस, स्वयंपाकातलं फार कळत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

मे महिन्यात चांगली मेथी मिळत नाही. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर राठ आणि कडू होते. तिचा खरा मोसम थंडीचा. उन्हाळ्यात घोळ ही पालेभाजी घ्या. ती बाजारात न मागता मिळते, आमच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळीजवळ आपोआप उगवते. जाड रसाळ पानं, आंबूस चव, मधेच करकर वाजते. तिची धाकटी बहीण चिवळ, बारीक पानांची, तीही चालते. मात्र फवारणी झालेल्या बांधावरची उचलू नका आणि तीन पाण्यांनी धुवा, पानांच्या बेचक्यात माती बसते.

दुसरं, पोटभरीचं म्हणताय तर कच्चं केळं का विसरलात? जळगावचं केळं भौगोलिक मानांकनापर्यंत पोचलं, पण आपल्याच ताटात कच्चं केळं फक्त उपवासाला दिसतं. सालासकट, दोन्ही टोकं कापून, मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकडा. साल आपोआप सुटते. गार करून फोडी करा आणि लगेच लिंबू लावा, नाहीतर काळ्या पडतात. बटाट्यासारखं लागतं, पण जास्त घट्ट, आणि माशाबरोबर जमतं. वाफवायला पान आणि पोटाला फळ, दोन्ही एकाच झाडाचं.


परिचारिका_ताई (जळगाव)

केळीबाग काका, घोळीची सूचना फारच आवडली. फक्त शुगर असलेल्यांसाठी सांगते. कच्च्या केळात पिकलेल्यापेक्षा साखर खूप कमी, बरंचसं स्टार्च असतं. पण उकडल्यावर ते स्टार्चही रक्तात साखर वाढवतंच. म्हणून तापीकाठच्या आईंना अर्धं केळं, आणि ज्या दिवशी केळं त्या दिवशी भाकरीही अर्धी. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी जपून.

पोट का भरतं तेही लिहिते, कारण नुसती काकडी खाऊन ते का भरत नाही हे विचारलं जातं. शंभर ग्रॅम रोहूत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिनं आणि चरबी अगदी थोडी. माणशी सव्वाशे ग्रॅम मासा पडला तर वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं तिथेच मिळतात, वर मटकीची आणि कुटाची. प्रथिनं हळू पचतात आणि चोथ्याने पचन सावकाश होतं. काकडीत जवळजवळ सगळं पाणी, ते तासाभरात निघून जातं. म्हणून तेल आणि कूट भीतीपोटी काढून टाकू नका. चमचाभर तेलाने हा पदार्थ जड होत नाही, पोटात टिकतो.


लोकोशेड_काका (भुसावळ)

डब्याचं मी सांगतो. ३१ वर्षं रेल्वेत काढली, डब्यावरच जगलो.

एकदा असाच उन्हाळा, मासा आणि कांदा-टोमॅटो कालवून डबा भरला. सकाळी नऊला निघालो, डबा उघडला दुपारी दोनला. वास आला नाही म्हणून खाल्लं. संध्याकाळपर्यंत उलट्या-जुलाब, दोन दिवस सलाइनवर. सोबतच्या मुलालाही दिलं होतं. तो माझ्यापेक्षा जास्त आजारी पडला. ते मला आजही टोचतं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं: शिजवलेला मासा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी ३२ च्या वर असतं. म्हणजे एप्रिल-मेत डब्यात मासा, तर बर्फाच्या पिशवीसकटच. नाहीतर नाही.

माझी पद्धत लिहितो. मासा रात्री वाफवून, काटे काढून, गार झाल्याबरोबर फ्रीजमध्ये. सकाळी स्टीलच्या छोट्या डब्यात मासा, त्याच्या खाली-वर गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्या, हे सगळं जाड पिशवीत. भाज्या दुसऱ्या डब्यात, चिरलेल्या पण मीठ न लावलेल्या. मीठ लागलं की काकडी-टोमॅटोचं पाणी सुटतं आणि जेवणापर्यंत सगळ्याची खिचडी होते. कूट, मीठ आणि ठेचा कागदाच्या पुडीत, अख्खं लिंबू वेगळं. जेवायच्या वेळी ताटलीत एकत्र करायचं. कामाच्या जागी फ्रीज असेल तर उत्तमच. शिजवलेला मासा फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको.


बडगी_मुसळ (बामणोद)

सगळे माशावर बोलताहेत, मी चवीवर बोलते. आमच्याकडे भरीत लाकडी बडगीत मुसळाने ठेचतात. तीच बडगी घ्या. हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, लसणाच्या दहा पाकळ्या, जाडं मीठ, मूठभर भाजलेले शेंगदाणे. ठेचा, वाटू नका. मिक्सरमध्ये मिरचीचं पाणी होतं, बडगीत शेंगदाण्याचा अर्धा दाणा अर्धाच राहतो आणि दाताखाली येतो. यात लिंबू पिळून तेल घालायचं आणि हे घोळाण्याला लावायचं. वेगळं तिखट, वेगळं कूट लागत नाही.

दुसरं म्हणजे भरीताची वांगी. थंडीत आपली हिरवी, पांढरट रेघांची वांगी येतात तेव्हा तुरकाट्यांवर (तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या विस्तवावर) एक वांगं आणि त्याच विस्तवावर मासा भाजा. दोन्हीची सालं काढून, कांद्याची पात भरपूर घालून, हलक्या हाताने एकत्र करा. वांगं मऊ आणि धुरकट, मासा थरांचा, पात करकरीत. मी हे गेल्या डिसेंबरात केलं आणि घरात भाताला कुणी हात लावला नाही. फक्त मासा आधी ठेचू नका. ठेचायचं ते वांगं.


पहिलाच_प्रतिसाद (पुणे, मूळ चोपडा)

परिचारिका ताई, वेळेवर सांगितलंत, मी शनिवारी करणारच होतो.

फ्रान्सच्या नीस शहरातल्या सॅलडबद्दल वाचलं होतं: टोमॅटो, अंडं, टूना किंवा खारवलेले छोटे मासे. तिथले जुन्या वळणाचे लोक त्यात उकडलेला बटाटा घालू देत नाहीत, सगळ्या भाज्या कच्च्याच हव्यात म्हणतात. केळीबाग काकांच्या केळाला तिथे बंदी असती. पण इथे तर उलट तेच मला सगळ्यात पटलं. मी इथे मिळणाऱ्या पंगसच्या बिनकाट्याच्या तुकड्यांनी केलं तर?


कोकणमाहेर (धुळे)

चालेल, काटे नसतात हा मोठा फायदा. पण पंगस पाणी फार सोडतो आणि स्वतःची चव कमी. वाफवू नका. आधी स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करा, तापलेल्या तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजू खरपूस करा. आणि ठेचा सढळ हाताने.


तापीकाठ (जळगाव)

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री पुन्हा केलं. सविस्तर लिहिते.

सकाळी सातला बाजारात गेले. मरळ मिळाली नाही, म्हणून दोन किलोच्या कटल्याचं पोट वेगळं करून घेतलं, बाकी सासऱ्यांच्या रश्शाला. कल्ले स्वतः उचलून बघितले. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आज कोण शिकवून पाठवलं?" नवापूरच्या भावाचं सांगितलं तर खूश झाल्या, वरून दोन लिंबं दिली.

काळी झिल्ली निघाली, बोटभर रुंद. इतकी वर्षं मी ती पोटाचाच भाग समजत होते. चिंचेच्या पाण्यात वीस मिनिटं, मग केळीच्या पानात. वास अजिबात आला नाही.

घोळ शोधायला जरा फिरावं लागलं. शेवटी शेजारच्या काकूंच्या कुंडीत निघाली, त्या ती तण म्हणून उपटून टाकत होत्या. अर्धं केळं आईला, बाकीच्यांना एकेक. बडगी आमच्याकडे नाही, म्हणून खलबत्त्यात ठेचा केला. फरक आहे, खरंच आहे. शेंगदाणा दाताखाली येतो तेव्हा मासा जास्त गोड लागतो.

काटे काढायला काळा तवा आणि माळ्यावरचा जुना टेबललॅम्प. चाळीस मिनिटं लागली. मुलगा शेजारी बसून मोजत होता, ६२ निघाले. शेवटचा त्यानेच शोधला, माझ्या बोटाला लागला नव्हता. म्हणून त्याचा वाटा मी पुन्हा एकदा तपासून मगच वाढला.

आईने अर्धी भाकरी खाल्ली, उरलेलं ताटातलं चमच्याने निपटलं आणि विचारलं, "उद्या काय करणार?" आज सकाळची उपाशीपोटीची शुगर नेहमीपेक्षा कमी आली. एका दिवसाने काही ठरत नाही हे कळतं, पुढच्या महिनाभर आठवड्यातून दोनदा करून वहीत लिहिणार आहे आणि तो आकडा इथे टाकेन.

लोकोशेड काका, डबा सध्या रद्द. यांच्या ऑफिसात फ्रीज नाही. नोव्हेंबरात बघू.

बडगी_मुसळ ताई, बडगी कोणत्या लाकडाची चांगली? बामणोदला यायचंच आहे, येताना घेऊन जाईन.


बडगी_मुसळ (बामणोद)

घरी या आधी, मग सुताराकडे सोबत जाऊ. आमची तर सासूबाईंच्या लग्नातली आहे, आतून काळी कुळकुळीत झालीय. नवी घेतली की आठ दिवस आत तेल चोळून ठेवायची, नाहीतर पहिल्या ठेच्याला लाकडाची चव लागते. डिसेंबरात आलात तर वांगीही असतील. मासा मात्र तुम्ही आणा, इथे ताजा मिळेलच असं नाही.


उकाईचं_पाणी (नवापूर)

मासा मी पाठवतो. बर्फात.